साडेदहाचं जेवण आणि ६५१ नंबरची ट्राम

माझी मावशी शाळेत मराठी शिकवायची. शिरीष पैंनी मराठीत हायकू रुजवला, तेव्हापासून तिला या तीन ओळींचं वेड आहे. मी इतिहास शिकवते आणि गेली काही वर्षं शांतता अभ्यासाचा एक पेपरही माझ्याकडे आहे. त्यामुळे जपानला जायचं ठरलं तेव्हा आमच्या याद्या वेगळ्या होत्या. तिच्या यादीत मात्सुयामा, माझ्या यादीत हिरोशिमा, आणि देवळं दोघींच्याही. पुस्तकांतून डोक्यात बसलेला जपान मात्र दोघींचा एकच होता: रिकामी अंगणं, झेन, मौन. तो जपान फारसा भेटला नाही. जो भेटला तो लिहिते आहे.

गुरुवार, नारा

विमानतळावरून क्योतोला न जाता थेट नाऱ्याला गेलो आणि तिथेच राहिलो. पाच वाजले की क्योतोहून आलेली गर्दी परत जाते, मग गाव तुमचं आणि हरणांचं. हरणांची बिस्किटं दोनशे येनना मिळतात. हातात बिस्किट दिसलं की हरणं मान लववून नमस्कार करतात, आणि उशीर झाला तर मागून ढुशी देतात. मावशीच्या नकाशाचा एक कोपरा अशाच एका नमस्कारानंतर गेला.

तोदाइजीचा बुद्ध काशाचा आहे, सुमारे पंधरा मीटर उंच. फोटोत तो शांत वाटतो, समोर उभं राहिल्यावर आधी त्याचा आकारच अंगावर येतो. इ.स. ७५२ मध्ये या मूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी झाला, तो बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूने केला. तो ७३६ मध्ये जपानला पोचला होता. डोळे रंगवायच्या कुंचल्याला लांब दोर बांधला होता आणि जमलेल्या लोकांनी तो हातात धरला होता, म्हणजे डोळा सगळ्यांनी मिळून उघडला. तो कुंचला आणि तो दोर तिथल्या शोसोइन या भांडारात आजही जपून ठेवलेला आहे. मला मूर्तीपेक्षा या दोराचंच जास्त नवल वाटलं.

संध्याकाळी एका लहानशा दुकानात आजींनी पर्सिमॉन सोलून, फोडी करून दिले. घट्ट, केशरी, गोड. "हायकूकवी मासाओका शिकीने नाऱ्यात असंच पर्सिमॉन खाल्लं होतं," मावशी म्हणाली. १८९५ च्या ऑक्टोबरमधली गोष्ट. खानावळीत तो फळ खात असताना तोदाइजीची घंटा वाजली, असं त्याने स्वतःच पुढे लिहिलंय. पण त्याच्या प्रसिद्ध हायकूत घंटा वाजते ती होर्यूजीची. कवीने देऊळच बदललं! मावशीला यात काहीच गैर वाटत नाही. मला, इतिहासवालीला, थोडं वाटतं.

शाकाहाऱ्यांसाठी आत्ताच सांगून ठेवते. जपानी स्वयंपाकाचा पाया 'दाशी' नावाचं पाणी, आणि ते बहुतेक वेळा सुकवलेल्या माशाचं असतं. नुसतं "मांस नको" म्हटलं तर माशाच्या रश्शातले नूडल्स समोर येतात. "मासा नको, दाशीही नको" हे जपानीत लिहिलेलं कार्ड जवळ ठेवा. मावशी ते कार्ड गळ्यात अडकवायचीच बाकी होती.

शुक्रवार, क्योतो

तारीख २१ होती आणि ती आम्ही मुद्दाम गाठली होती. कूकाई, म्हणजे कोबो दाइशी, हा शिंगोन या बौद्ध पंथाचा संस्थापक ८३५ मध्ये तिसऱ्या महिन्याच्या २१ तारखेला गेला, म्हणून तोजी देवळाच्या आवारात दर महिन्याच्या २१ ला बाजार भरतो. जुने किमोनो, लाखेच्या वाट्या, गंजलेल्या करवती, रोपटी, लोणची. वर पंचावन्न मीटरचा पाचमजली लाकडी मनोरा, जपानमधला सगळ्यांत उंच. खाली लोक घासाघीस न करता पण बराच वेळ वस्तू उलटसुलट करून बघतात. मावशीने एक ओबी, किमोनोवर बांधायचा पट्टा, पाचशे येनना घेतला. विकणाऱ्या बाईंनी तो आधी दोन्ही हातांनी पसरला, एका जागी उसवला होता ते बोट ठेवून दाखवलं, आणि मगच किंमत सांगितली.

व्याख्यानगृहात, तिथे त्याला कोदो म्हणतात, कूकाईने योजलेला एकवीस मूर्तींचा मंडल आहे. आत अंधार, थंडी, जुन्या लाकडाचा वास. डोळे सरावले तसा एका टोकाला हत्तीवर बसलेला एक देखणा तरुण दिसला. मावशी पुटपुटली, "अगं, हा इंद्र." दुसऱ्या टोकाला हंसांवर ब्रह्मदेव. इंद्राच्याच बाजूला क्रुद्ध चेहऱ्याचे, ज्वाळांनी वेढलेले विद्याराज, म्हणजे उग्र रूपातले रक्षकदेव. आम्ही डोक्यात आणलेल्या मौनाला पहिला तडा इथे गेला. हे देऊळ भरलेलं होतं, खच्चून.

शनिवार, क्योतोच

तीन दिवसांची जोडून सुटी आणि वर पानगळीचा रंग. या दोन गोष्टी एकत्र आल्या की क्योतोच्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते. नोव्हेंबरात जाणार असाल तर २३ तारखेची सुटी कुठल्या वारी येते ते आधी बघा, आणि बसऐवजी रेल्वे आणि पाय यांवर भिस्त ठेवा.

र्योआनजीला आठ वाजता, दार उघडताच पोचलो. पांढऱ्या खडीचं आयताकृती अंगण आणि पंधरा दगड. कुठेही बसा, एक तरी दगड नजरेआड राहतोच. जगभर याला ध्यानाचं अंगण म्हणतात. प्रत्यक्षात व्हरांड्यात बसलेले सगळे जण दगड मोजत होते! आम्हीही मोजले. चौदा. पुढे सरकून पुन्हा चौदा. शेजारचे जपानी आजोबा नातवाला बोटं धरून मोजायला शिकवत होते आणि नातू दर वेळी चुकत होता.

मागच्या बाजूला शेवाळ्याची बाग आहे. तिथे एक मावशी (तिथली, माझी नव्हे) गुडघ्याखाली उशी घेऊन बसल्या होत्या आणि शेवाळ्यात पडलेली मेपलची पानं आणि उगवलेलं गवत हातातल्या लहान चिमट्याने एकेक करून वेचत होत्या. दर पानामागे चिमटा, मग टोपली. आम्ही निघालो तेव्हा त्यांची जेमतेम वीतभर जागा साफ झाली होती. खडीवरच्या त्या सुप्रसिद्ध रेघाही अशाच कुणीतरी दाताळ्याने पुन्हा पुन्हा ओढलेल्या असतात. सौंदर्यशास्त्राच्या पुस्तकांत त्या रिकामपणावर प्रकरणं असतात, पण चिमटेवाल्या बाईंवर परिच्छेदसुद्धा नसतो, ही माझी तक्रार आहे.

दुपारी सांजूसांगेन्दो. एकशेवीस मीटर लांबीचं लाकडी सभागृह आणि त्यात कान्नोनच्या, म्हणजे अवलोकितेश्वराच्या, १००१ मूर्ती. मूळ देऊळ ११६४ चं. १२४९ ला जळालं, तेव्हा १२४ मूर्ती बाहेर काढून वाचवता आल्या. बाकीच्या पुन्हा घडवल्या आणि सभागृह १२६६ मध्ये उभं राहिलं. फोटो काढायला मनाई आहे आणि ते बरंच आहे, नाहीतर पुढच्या रांगेतल्या अठ्ठावीस सेवकदेवतांकडे कुणी बघितलं नसतं. बासरी वाजवणारा गरुड, वीणेसारखं वाद्य धरलेला एक देव, नागराज. मावशी थबकली ती हाडांचा सापळा झालेल्या एका वृद्ध ऋषीपुढे. बासूसेन, म्हणजे वसू ऋषी. हातात पोथी, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, डोळ्यांत स्फटिक बसवलेले, त्यामुळे आपण हललो की बुबुळ हलल्यासारखं वाटतं. तशीच हात जोडलेली एक म्हातारी, मावारानियो. हजार सोनेरी चेहरे एकसारखे आणि हे दोन म्हातारे मात्र अगदी कुणाच्या तरी घरातले. "यांच्याकडे बघूनच कळतं, शिल्पकाराने खरी माणसं बघितली होती," मावशी म्हणाली.

(मोठ्या बॅगा इथूनच कुरिअरने हिरोशिमाच्या हॉटेलवर पाठवल्या. हॉटेलच्या काउंटरवर फॉर्म भरून देतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बॅग पुढच्या मुक्कामी. कोयासानला सूटकेस घेऊन जाऊ नका.)

रविवार, कोयासान

ओसाकाच्या नाम्बाहून गाडी, मग केबलकार, मग बस. केबलकारला सुटीची लांबलचक रांग होती. वर आठशे मीटरवर हवा एकदम बदलली. क्योतोत स्वेटर पुरत होता, इथे कानटोपी लागली. कूकाईला ८१६ मध्ये हा डोंगर मिळाला आणि तेव्हापासून इथे देवळांचंच गाव आहे. त्यातल्या पन्नासेक देवळांत पाहुण्यांना राहता येतं.

कोयासान विद्यापीठाच्या आवारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. २०१५ मध्ये कोयासानने बाराशे वर्षांचा सोहळा साजरा केला, त्या वर्षी महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. सुटीमुळे आवार सुनं होतं. मावशीने पादत्राणं काढून हात जोडले. सायकलवरून चाललेला एक विद्यार्थी थांबला, आमच्याकडे बघून त्यानेही मान लववली आणि गेला.

देवळातलं रात्रीचं जेवण साडेपाचला. साडेपाच म्हणजे साडेपाच, उशिरा पोचणाऱ्यांना जेवण मिळेलच असं नाही. आठवड्यात पहिल्यांदाच मावशीने ते कार्ड बाहेर काढलं नाही, कारण शोजिन र्योरी म्हणजे भिक्षूंचं जेवण, मासा नाही आणि कांदा-लसूणही नाही. गोमादोफू नावाची तिळाची वडी, जिभेवर ठेवताच विरघळणारी. थंडीत गोठवून वाळवलेलं कोयादोफू, स्पंजासारखं, रस पिऊन फुगलेलं. प्रत्येक पदार्थाला वेगळी लाखेची वाटी, वाटीला झाकण. जेवण आणून देणारा तरुण भिक्षू गुडघे टेकून प्रत्येक झाकण उघडत होता. खोलीत रॉकेलचा हीटर. रात्री तो बंद करून झोपा असं त्याने तीनदा सांगितलं.

सोमवार, ओकुनोइन

पहाटे साडेसहाला गोमा, म्हणजे होम. समिधांचा ढीग, तेल, ढोल, आणि छतापर्यंत गेलेली ज्वाळा. जिथे सगळं लाकडाचं आहे तिथे ही ज्वाळा बघताना पोटात गोळा येतो. मंत्र जपानी उच्चारांत होते, पण मावशीने मध्येच माझा हात दाबला: तिला 'मणि' ऐकू आलं होतं.

न्याहारीनंतर ओकुनोइन. दोन किलोमीटरची वाट, दोन्ही बाजूंना शेकडो वर्षांचे 'सुगी'चे, म्हणजे जपानी देवदाराचे, उंच वृक्ष आणि दोन लाखांहून जास्त समाध्या. सोळाव्या शतकातला बलाढ्य सरदार ओदा नोबुनागा याची समाधी इथे आहे आणि १५८२ मध्ये ज्याने दगा करून त्याचा अंत घडवला त्या आकेची मित्सुहिदेचीही. कंपन्यांचीही स्मारकं आहेत, त्यातलं एक चक्क रॉकेटच्या आकाराचं. कीटकनाशकवाल्यांच्या संघटनेने वाळवीसाठीही दगड उभारलाय. ज्यांना मारून पोट भरतं त्यांची आठवण तरी ठेवायची.

इथल्या दगडी स्तूपांना पाच भाग असतात: खाली चौकोन पृथ्वी, वर गोल आप, त्रिकोण तेज, अर्धगोल वायू आणि टोकाला आकाश. त्यावर कोरलेल्या खुणा आम्हाला आधी नक्षी वाटल्या. आमच्याच देवळात उतरलेल्या एका निवृत्त शिक्षकांनी एका लाकडी फळीवर बोट ठेवून वरून खाली वाचून दाखवलं, "ख, ह, र, व, अ." ही सिद्धम् लिपी, कूकाईने चीनहून शिकून आणलेली, आपल्या देवनागरीची नातलग. मग आम्ही शेवाळ खरवडल्यासारखं एकेक अक्षर शोधत चाललो. पावसाने झिजलेल्या एका दगडावर फक्त 'व' शिल्लक होता.

शेवटच्या पुलापलीकडे टोपी काढायची, फोटो काढायचा नाही. तिथे कूकाई आहे. शिंगोन पंथाच्या श्रद्धेप्रमाणे तो मेलेला नाही, ध्यानात बसलेला आहे, म्हणून त्याला रोज दोनदा जेवण जातं, सकाळी सहाला आणि साडेदहाला. आम्ही साडेदहाचं बघितलं. स्वयंपाकघराजवळ जिझो या बोधिसत्त्वाची छोटी मूर्ती आहे, तिच्यापुढे आधी पेटी ठेवतात, चव बघायला. मग पुढे एक भिक्षू आणि मागे दोघे पांढरी लाकडी पेटी खांद्यावर घेऊन पूल ओलांडतात. ढोल नाही, घंटा नाही, घोषणा नाही. जणू शेतावर भाकरी पोचवायला निघाले आहेत. जवळजवळ बाराशे वर्षं. यावर विश्वास आहे का, असं मी त्या शिक्षकांना विचारलं. ते हसले. "विश्वासाचं माहीत नाही," ते म्हणाले, "पण जेवण थंड होता कामा नये."

त्यांचं हे वाक्य पुढे हिरोशिमात माझ्या फार कामी आलं.

मंगळवार, हिरोशिमा

संग्रहालयाच्या सकाळच्या पहिल्या तासासाठी ऑनलाइन आरक्षण लागतं. ते करा, कारण दहानंतर शाळांच्या सहली येतात. तिकीट फक्त दोनशे येन. आत काय आहे ते मी सविस्तर लिहिणार नाही. तीनचाकी सायकल, कोळसा झालेला डबा, एका मुलाची चड्डी. या वस्तूंबद्दल मी वर्गात बोलते. इथे मी एकाही पाटीचा फोटो काढला नाही. १९४५ च्या अखेरपर्यंत साधारण १,४०,००० माणसं गेली, हा आकडा मला पाठ आहे. तो पाठ असण्याचा तिथे काडीचा उपयोग झाला नाही.

बाहेरच्या स्मारकावर कोरलंय: शांतपणे विसावा घ्या, ही चूक पुन्हा होणार नाही. जपानी वाक्यात कर्ता नाही. चूक कुणाची? जपानच्या युद्धकाळातल्या नेत्यांवरच्या तोक्यो खटल्यात सगळ्या आरोपींना निर्दोष म्हणणारे भारतीय न्यायाधीश राधाबिनोद पाल १९५२ मध्ये इथे आले तेव्हा त्यांनी हाच प्रश्न जाहीरपणे केला. बाँब जपान्यांनी टाकला नव्हता, मग ते कसली माफी मागताहेत? वाक्य रचणारे प्राध्यापक साइका यांचं उत्तर होतं की यातले न लिहिलेले 'आपण' म्हणजे सगळी माणसं. मी वर्गात नेहमी पालांची बाजू आधी सांगते, कारण ती भारतीय विद्यार्थ्यांना पटकन भावते. आता क्रम बदलणार आहे. हिरोशिमा हे लष्कराचं मोठं ठाणं होतं आणि संग्रहालय ते लपवत नाही. बाँबने मारलेल्या कोरियन लोकांचं स्मारक मात्र १९७० पासून उद्यानाच्या बाहेर होतं, ते आत यायला १९९९ साल उजाडलं. पालांचं नाव आज जपानमधले उजवे आवडीने घेतात. कर्ता नसलेलं ते वाक्य पालांच्या प्रश्नापेक्षा मला जास्त प्रामाणिक वाटतं.

दुपारी एका 'वारसा निवेदिके'चं बोलणं ऐकलं. बाँबमधून वाचलेले लोक आता फार वयस्क झालेत, म्हणून २०१२ पासून शहर पुढच्या पिढ्यांतल्या माणसांना तयार करतं. एकेका वाचलेल्या माणसाबरोबर बसून त्याची हकीकत शिकायची आणि त्याच्या वतीने सांगायची. बोलणाऱ्या बाई युद्धानंतर जन्मलेल्या. त्या एकदाही रडल्या नाहीत, आवाजही चढवला नाही. मध्ये एक नाव अडलं तेव्हा वही काढून पाहिलं आणि पुढे गेल्या. २०२४ चं शांततेचं नोबेल वाचलेल्यांच्या संघटनेला, निहोन हिदानक्योला, मिळालं तेव्हा आम्ही वर्गात टाळ्या वाजवल्या होत्या. हे वहीचं काम टाळ्यांच्या आधीपासून चाललेलं आहे.

स्टेशनामागच्या टेकडीवर शांतिस्तूप दिसतो, १९६६ चा, निप्पोनझान म्योहोजी पंथाचा. वरळीचं जपानी देऊळ याच पंथाचं. संस्थापक निचिदात्सु फुजी १९३३ मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले होते. दादरला वाढलेल्या मावशीने लहानपणी त्यांच्या भिक्षूंचा ढोल रस्त्यावर ऐकलाय. टेकडीवर चढायची तिची तयारी होती, माझी नव्हती.

रात्री ओकोनोमियाकी. हिरोशिमात कोबी, नूडल्स, अंडं थरावर थर रचतात, कालवत नाहीत. ते कार्ड वाचून तव्यामागच्या काकांनी डुकराचं मांस आणि माशाची भुकटी बाजूला सारली, तव्याचा कोपरा खरवडून पुसून घेतला आणि तिथे मावशीचं वेगळं केलं. सॉसमध्ये काय आहे ते बाटली उलटी करून वाचून दाखवलं. सॉस चालणार नव्हता, मग मीठ आणि लिंबू.

बुधवार, ट्राम आणि बोट

सकाळी ट्रामच्या थांब्यावर तासभर थांबलो, एका ठरावीक गाडीसाठी. ६५१ नंबरची ट्राम बाँब पडला तेव्हा रस्त्यावर होती. जळाली, दुरुस्त झाली, आणि अजून धावते, गर्दीच्या वेळी, साध्या तिकिटात. बाँबनंतर तीनच दिवसांत, ९ ऑगस्टला, एका छोट्या टप्प्यावर ट्राम पुन्हा सुरू झाली होती. पुरुष सैन्यात गेल्यामुळे तेव्हा ट्राम कंपनीच्या शाळेतल्या मुलीही गाड्या चालवायच्या. गाडी आली. लाकडी फरशी, घासून चकचकीत पितळ, आणि आत ऑफिसला निघालेली, डोळे मिटलेली माणसं. कुणालाच विशेष काही वाटत नव्हतं. मला ते फार आवडलं.

ट्रामने बंदर, बंदरावरून मात्सुयामाची बोट. वेगवान बोट सोडून मोठी फेरी घ्या, अडीच-पावणेतीन तास लागतात पण डेकवर उभं राहता येतं आणि बेटं सावकाश जातात.

गुरुवार, मात्सुयामा

मावशीचा दिवस. शिकी इथला. १८९५ मध्ये युद्धवार्ताहर म्हणून चीनला गेला, परतताना बोटीवर रक्त ओकू लागला, आणि बरा व्हायला गावी आला. मित्र नात्सुमे सोसेकी, पुढे गाजलेला कादंबरीकार, तेव्हा इथल्या शाळेत शिकवत होता. त्याच्याच भाड्याच्या घरात शिकी बावन्न दिवस राहिला आणि खालच्या मजल्यावर रोज हायकूवाल्यांचा अड्डा. सोसेकीला अभ्यास सुचेना, शेवटी तोही हायकू लिहू लागला. मग सोसेकीकडूनच पैसे उसने घेऊन शिकी निघाला आणि वाटेत नाऱ्याला पर्सिमॉन खाल्ले. स्मारक संग्रहालयात त्या घराचा खालचा मजला जसाच्या तसा उभारलाय. मावशी तातामीच्या चटईवर मांडी घालून बसली आणि बराच वेळ उठेचना. पुढे सात वर्षांत, पस्तिसाव्या वर्षी, शिकी गेला.

गावात जागोजागी हायकू टाकायच्या पेट्या आहेत, ट्राम थांब्यांवरसुद्धा. मावशीने मराठीत लिहून टाकला. परीक्षकांचं काय होईल ते होवो.

दोगोचं १८९४ चं लाकडी स्नानगृह डागडुजी संपून २०२४ मध्ये पूर्ण उघडलंय. नेहमीचा नियम: आधी बाहेर साबणाने स्वच्छ, मग कुंडात, कपडे काही नाही. मावशी दहा मिनिटं कुरकुरली आणि तासाभराने बाहेर आली.

तिथून चालत इशितेजी, शिकोकू बेटावरच्या अठ्ठ्याऐंशी देवळांच्या यात्रेतलं एक्कावन्नावं. साधारण बाराशे किलोमीटरची ही परिक्रमा कूकाईची, आणि यात्रेकरूच्या काठीवर लिहिलेलं असतं की चालणारे दोघे आहेत, दुसरा तोच. गवती टोपी, पांढरा अंगरखा घातलेले एक गृहस्थ पायरीवर बसून मोजे बदलत होते. यात्रेकरूला काहीतरी द्यायचं, याला तिथे ओसेत्ताइ म्हणतात, आणि त्याने ते नाकारायचं नसतं. मावशीने पर्समधून राजगिऱ्याची चिक्की काढली. त्यांनी दोन्ही हातांनी घेतली, झोळीतून आपल्या नावाची चिठ्ठी काढून तिला दिली. लाल होती. पहिल्या फेऱ्यांना पांढरी असते, लाल म्हणजे आठ तरी फेऱ्या झालेल्या. मावशीने त्यांच्या टोपीवरचं सिद्धम् अक्षर वाचायचा प्रयत्न सुरू केला, पण त्यांना वेळ नव्हता. पुढचं देऊळ दहा-अकरा किलोमीटरवर, पाच वाजता यात्रेच्या वहीत शिक्का देणारी खिडकी बंद. चिक्की दाढेखाली धरून, काठी ठोकत ते निघालेसुद्धा.